दामाजीपंत कुठल्या चौकटीत बसतात?



मंडळाची माजी सभासद म्हणून मला या अंकासाठी काहीतरी लिही असं सांगितलं गेलं, तेव्हा मी पहिल्यांदा नाहीच म्हणाले. गेलं वर्षभर मी कडगंचीत आहे. कलबुर्गीहून आळंदच्या रस्त्याला (आळंद, आळंदी नव्हे, हा खुलासा मला प्रत्येक फोनवर करावा लागतो) हे गाव लागतं. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर इथे आहे. चहूबाजूंनी तुरीची शेतं, दुपारी भाजून काढणारं ऊन, आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात वारा. मराठी पुस्तकं इथे माझ्याकडे मोजून अकरा आहेत. मग वाङ्मयावर काय लिहायचं?

पण एक गोष्ट मी इथे दर शनिवारी करते, आणि ती वाङ्मयापासून फार लांब नाही असं मला हळूहळू वाटायला लागलं आहे. आम्ही पाचजण टेबलाभोवती बसून गोष्ट खेळतो. त्या खेळात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तिच्यामुळे एक मित्र दुरावला, आणि ती चूक समजून घेता घेता पात्र, लेखक आणि नीती यांच्याबद्दल मी जे शिकले ते वर्गातही शिकले नव्हते. तेच इथे धड्यासारखं मांडते आहे. ज्यांना हा खेळ सुरू करायचा असेल त्यांना उपयोग होईल. ज्यांना नसेल त्यांनी गोष्ट म्हणून वाचावं.

खेळ म्हणजे काय

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. त्याला पट लागतोच असं नाही. एकजण सूत्रधार होतो. मूळ खेळात त्याला दुसरा शब्द आहे, पण नाटकवाल्या मराठी माणसाला ‘सूत्रधार’ याहून बरा शब्द सापडणार नाही. सूत्रधार जग सांगतो: गाव, जंगल, राजा, पाऊस, शत्रू. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या जगात आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जिथे यश-अपयश अनिश्चित असतं तिथे फासा टाकायचा; त्यात वीस बाजूंचा फासा मुख्य. जिंकणं-हरणं असं शेवटी काही नसतं. गोष्ट पुढे जाते, इतकंच.

आमच्या टेबलावर मी सूत्रधार. खेळाडू चार: एक बीदरचा, एक उमरग्याची, एक आळंदचाच कानडी बोलणारा, आणि एक हैदराबादची. भाषा काय, तर मराठी, कानडी, दखनी, आणि भांडण झालं की सगळ्याच एकदम.

माझी चूक

झालं असं. खेळातल्या टोळीने एका दरोडेखोराला पकडलं. कोवळा पोरगा, हात वर करून शरण आलेला. बीदरच्या मित्राचं पात्र चोर होतं. तो म्हणाला, “मी याचा गळा कापतो. सोडला तर जाऊन सांगेल.” उमरग्याच्या मैत्रिणीचं पात्र वैद्याचं. ती ओरडलीच, “अरे, शरण आलाय तो!” यावर बीदरचा मित्र शांतपणे म्हणाला, “माझं पात्र तसंच आहे. मी काय करू?”

मला राग आला. त्या पोराचा आवाज मी काढला होता, त्याच्या घरी आई आहे हेही मीच सांगितलं होतं. मग मी सूत्रधाराला जे सगळ्यात सोपं असतं ते केलं. आभाळ काळवंडलं, आकाशवाणी झाली, आणि चोराचा सुरा धरलेला हात जागच्या जागी वाळून गेला. फासा नाही, काही नाही. माझी मर्जी.

टेबलावर कोणी काही बोललं नाही. बीदरच्या मित्राने आपले फासे पिशवीत भरले, “उद्या परीक्षा आहे,” म्हणाला आणि उठला. रविवारी कसली परीक्षा? पुढचे तीन शनिवार तो आला नाही. मेसमध्ये दिसला तरी ताट घेऊन दुसऱ्या टोकाला बसायचा.

नऊ चौकटी

माझी बाजू खरी होती असं मला तेव्हा वाटत होतं, म्हणून आधार शोधायला मी नियमांचा इतिहास वाचायला घेतला. तो फारच मजेदार निघाला.

१९७४च्या मूळ खेळात पात्राला तीनपैकी एक बाजू घ्यावी लागे: नियम, तटस्थता किंवा स्वैरपणा. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कल्पितकथांतून आली. तिथे सज्जन-दुर्जन असा प्रश्नच नव्हता. विश्वात दोन शक्तींचं युद्ध चालू आहे, तुम्ही कोणाच्या सैन्यात, एवढंच. १९७७च्या आवृत्तीत पाच प्रकार झाले, आणि १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ. आज सगळ्यांना ठाऊक असलेली ती तीन गुणिले तीनची चौकट हीच. आडव्या बाजूला नियमनिष्ठ, तटस्थ, स्वैर. उभ्या बाजूला सज्जन, तटस्थ, दुर्जन. नियमनिष्ठ सज्जन म्हणजे प्रामाणिक फौजदार. स्वैर सज्जन म्हणजे श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा. नियमनिष्ठ दुर्जन म्हणजे कागदपत्रं चोख ठेवून जमीन गिळणारा सावकार. तुम्ही तुमच्या ओळखीची माणसं भरून बघा. दहा मिनिटं छान जातात.

तेव्हा या चौकटीला दात होते. जुन्या नियमांत पात्र आपल्या चौकटीबाहेर गेलं तर त्याची पातळी उतरायची. धर्मयोद्ध्याने दुष्कृत्य केलं तर त्याचं दैवी बळच जायचं. म्हणजे हात वाळवून टाकणारी मी पहिली सूत्रधार नव्हते! पण पुढचं वाचलं आणि माझा आनंद मावळला. २०१४च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत येता येता चौकट नावाला उरली आणि तिच्यामागचे दंड जवळपास सगळे गेले. असं का झालं असेल? मला उत्तर पुस्तकात नाही सापडलं. सापडलं ते दामाजीपंतांच्या गोष्टीत.

दामाजीपंत

ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. इथे आल्यावर मात्र ती मला या मुलखाची गोष्ट म्हणून कळली. बहमनी राज्याची राजधानी आधी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला गेली. त्या बीदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अधिकारी म्हणजे दामाजीपंत. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली. सरकारी कोठार धान्याने भरलेलं होतं. पंतांनी ते उघडलं आणि लुटू दिलं. बातमी बीदरला गेली, पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. ते निघाले. आणि ते पोचण्याआधी एक महार दरबारात येऊन सगळ्या धान्याचे पैसे मोजून पावती घेऊन गेला. तो विठू महार म्हणजे पंढरीचा विठ्ठल. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही कथा आहे. पण ग्रंथ न वाचलेल्यांनाही ती येते.

पुढच्या शनिवारी आम्ही चौघंच होतो, खेळ रंगेना. मी विचारलं, “दामाजीपंत कुठल्या चौकटीत बसतात?”

उमरग्याची मैत्रीण म्हणाली, स्वैर सज्जन. सरळ आहे. धनी बादशहा, धान्य बादशहाचं, हुकूम नाही, तरी वाटलं.

आळंदचा मित्र म्हणाला, मग पळून का गेले नाहीत? स्वैर माणूस रात्रीतून सीमा ओलांडतो. हे तर शिपायांबरोबर मुकाट्याने बीदरला निघाले. ज्या माणसाने कायदा मोडला पण कायद्याची शिक्षा टाळली नाही, तो नियमनिष्ठच.

हैदराबादची मैत्रीण म्हणाली, तुम्ही दोघं बरोबर असाल तर मधली चौकट घ्या, तटस्थ सज्जन. आणि मग स्वतःच हसली. कोठाराची किल्ली हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ‘तटस्थ’ कसं म्हणणार?

तासभर वाद झाला आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. चौकट चुकीची नाही. ती मागे बघते. माणूस आजवर कसा वागला याचा गोषवारा ती देते. पण किल्ली कुलपात घालण्याच्या क्षणी ती काहीच सांगत नाही. दामाजीपंत आयुष्यभर नियमनिष्ठ होते म्हणूनच त्या दिवशी कोठार उघडण्याला काही किंमत आहे. रोज कुलपं फोडणाऱ्याने आणखी एक फोडलं तर त्याची कथा कोण सांगेल? ‘माझं पात्र तसंच आहे’ हे वाक्य नेमकं या ठिकाणी लंगडं पडतं. गोष्ट सुरू होते ती पात्र ‘तसंच’ राहील की नाही हा प्रश्न पडल्यावर.

नियमांनी नीती शिकवता येते का?

येते, आणि आपल्याकडे ते फार पूर्वी केलं गेलं. मोक्षपट आठवा. सापशिडीचं जुनं रूप. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. प्रत्येक घराला गुणाचं किंवा दोषाचं नाव. सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाने खाली, शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि हळूहळू घरांवरची नावं पुसली गेली. साप आणि शिड्या तेवढ्या राहिल्या.

मोक्षपट सुंदर आहे, पण त्यात एक गोष्ट नाही: निवड. कवड्या पडतील तिथे सोंगटी जाते. लोभाच्या घरात मी लोभाने गेले नाही, दान तसं पडलं म्हणून गेले. दोषाचं फळ काय हे पट दाखवतो. दोष करावा की करू नये हा क्षण त्यात येत नाही. आकाशवाणी करून मी माझ्या खेळाचा मोक्षपट केला होता. चुकीच्या घरात पाय पडला, साप गिळणार.

दुसऱ्या टोकाला महाभारतातलं द्यूत. तिथे फाशांचे नियम सगळ्यांना मान्य होते आणि तरी सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न नियमांना सुटला नाही: जो स्वतःला आधीच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? भीष्मासारख्यालाही सरळ उत्तर देता आलं नाही. खेळाचे नियम पुरे पडत नाहीत तिथे माणसांनी एकमेकांशी बोलावं लागतं. सभा गप्प राहिली, आणि ते गप्प राहणंच अनर्थाला कारण झालं.

आधुनिक खेळांनी मधले काही मार्ग काढले आहेत. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५च्या ‘पेन्ड्रॅगन’मध्ये स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, खरा आणि खोटा, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया तेरा असेल तर क्रूरता सात. मोहाच्या प्रसंगी वीस बाजूंचा फासा टाकून बघायचं. म्हणजे माणूस एकाच वेळी दोन्ही असतो, कमी-जास्त प्रमाणात. हे मला चौकटीपेक्षा खरं वाटतं. १९९१च्या ‘व्हॅम्पायर’ खेळात दहापर्यंतची माणुसकीची मोजपट्टी आहे. निर्दय कृत्यांनी ती घसरते आणि शून्यावर आली की पात्र तुमच्या हातातून जातं. दोन्हींत समान धागा हा, की कृत्याची खूण पात्रावर राहते. पण कृत्य करण्यापासून खेळाडूला कोणी अडवत नाही.

पात्र म्हणजे खेळाडू नव्हे. पण अगदीच वेगळंही नव्हे

एक आक्षेप इथे घ्यायला हवा, कारण आपल्या कॉलेजात तो कोणी ना कोणी घेईलच. दुर्जनाची भूमिका करून माणूस दुर्जन होत नाही का? १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठं वादळ उठलं होतं. आपला मुलगा गमावलेल्या पॅट्रिशिया पुलिंग या आईने १९८३ साली विरोधासाठी संघटनाच काढली, आणि खेळात सैतानाची पूजा आहे असं अनेक श्रद्धावान घरांत मानलं गेलं. पुढे १९९०मध्ये मायकेल स्टॅकपोल यांनी त्या आरोपांची बारकाईने तपासणी करून त्यातले दोष दाखवले. त्या आईच्या दुःखाची टिंगल करावी असं मला वाटत नाही. तिचा निष्कर्ष मात्र टिकला नाही.

आपल्याला हे समजायला अमेरिकेला जावं लागत नाही. निळू फुले पडद्यावर आले की बायका दात-ओठ खायच्या. प्रत्यक्षात तो माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातला, सामाजिक कामात आयुष्य घालवणारा. दुष्टपणा नीट दाखवायला तो ओळखावा लागतो, आणि ओळखणं म्हणजे स्वीकारणं नव्हे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. नटाला संहिता असते. टेबलावरच्या खेळाडूला नसते. त्याची वाक्यं त्याचीच असतात. म्हणून चोराने जे म्हटलं ते बीदरच्या मित्राने म्हटलं नाही, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की ते ऐकून उमरग्याच्या मैत्रिणीच्या पोटात जे तुटलं ते पात्राच्या नव्हे, तिच्याच पोटात तुटलं. सूत्रधाराला या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या असतात.

मग सूत्रधाराने करायचं काय?

माझ्या अनुभवातून आलेले पाच मुद्दे सांगते.

पहिला. खेळाआधी एक बैठक घ्या, जिच्यात खेळायचं नाही, नुसतं बोलायचं. कसली गोष्ट हवी, कुठल्या गोष्टी टेबलावर अजिबात नकोत, कुठल्या चालतील पण पडद्याआड. रॉन एडवर्ड्स यांनी यासाठी ‘रेषा आणि पडदे’ अशी कल्पना मांडली: रेषेपलीकडे जायचं नाही, पडद्याआडचं घडतं, पण वर्णन करायचं नाही. जॉन स्टाव्ह्रोपुलस यांची याहून सोपी युक्ती म्हणजे टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. ज्याला सहन होत नाही त्याने त्याला हात लावायचा, कारण विचारायचं नाही. आम्ही हे केलं असतं तर ‘शरण आलेल्याला मारायचं नाही’ ही रेष उमरग्याच्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी आखली असती.

दुसरा. कृत्य ठरण्याआधी विचारा: “तुझ्या पात्राला हे ठाऊक आहे ना?” निम्मी क्रौर्यं गैरसमजातून होतात. मी मनात बघितलेला पोरगा चौदा वर्षांचा होता. बीदरच्या मित्राने मनात बघितलेला दरोडेखोर तीस वर्षांचा, मिशीवाला. मी वय सांगितलंच नव्हतं!

तिसरा. परिणाम द्या, शिक्षा देऊ नका. फरक साधा आहे. परिणाम त्या जगातून येतो: पोराला मारलं तर त्याचा भाऊ शोधत येईल, वैद्य टोळी सोडेल, पुढचा शत्रू शरण येणार नाही, कारण शरण येऊन उपयोग नाही हे त्याने ऐकलेलं असेल. शिक्षा सूत्रधाराच्या रागातून येते. परिणामाशी खेळाडू झुंजू शकतो. शिक्षेशी झुंजता येत नाही, फक्त उठून जाता येतं.

चौथा. “माझं पात्र तसंच आहे” असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, चिडू नका. विचारा, “बरं, आणि ते तसं कशामुळे झालं?” पात्र आभाळातून पडत नाही; ते तुम्ही घडवलंय, पुढेही तुम्हीच घडवणार. लेखकाला हे माहीत असतं. पात्र आपल्या मनासारखं वागतं असं सगळे लेखक सांगतात, पण लेखणी कोणाच्या हातात आहे हे ते विसरत नाहीत.

पाचवा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, आणि त्यासाठी कडगंचीची आठवण काढावी लागेल. ‘गुरुचरित्र’ लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांचं हे गाव असं परंपरा सांगते. त्यांचे पूर्वज सायंदेव. त्यांची कथा ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात आहे: क्रूर अधिकाऱ्याचं बोलावणं आलेलं, गेलं की मरण, पण गुरू आधीच अभय देतात, आणि सायंदेव जाऊन सुखरूप परत येतात. श्रद्धेची ही कथा म्हणून तिचं मोल मोठं आहे. दामाजीपंतांच्या कथेत मात्र क्रम उलटा आहे. तिथे अभय आधी मिळत नाही. कोठार उघडताना पंतांना विठू येणार हे माहीत नसतं. पैसे भरले गेलेत हे त्यांना बीदरला पोचेपर्यंत ठाऊक नसतं. भक्त म्हणून दोघंही मोठे. पण खेळाच्या टेबलावर निवड जिवंत ठेवायची तर दुसरा क्रम लागतो. खेळाडूला आधीच अभय देऊ नका, आणि आधीच दम देऊ नका. विठू येईल की नाही हे कळलं की कोठार उघडणं हा निव्वळ हिशोब होतो.

चौथा शनिवार

हे सगळं सुचल्यावर मी बीदरच्या मित्राच्या खोलीवर गेले. माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तू आम्हाला खेळवत नव्हतीस, शिकवत होतीस. मी मारणार नव्हतोच गं. मला वाटलं वैद्य मला अडवेल, मी थोडा ताणेन, मग ऐकेन. माझ्या चोराचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं. ती पहिली वेळ असती. तू मधेच देव आणलास.”

मला तेव्हा जे कळलं ते सांगून लेख संपवायला हवा खरं तर. नीतीचा प्रसंग माझ्या आणि त्याच्यात नव्हताच. तो चोर आणि वैद्य यांच्यात होता, आणि मी तो त्यांच्या हातून हिसकावून घेतला.

तो चौथ्या शनिवारी आला. हात पूर्वीसारखा झाला, पोरगा जिवंत होता. त्या दिवसाचं सगळं पुसून टाकायचं सर्वानुमते ठरलं. मी नवा प्रसंग आखला होता. दुष्काळी गाव, चाळीस घरं. टोळीच्या ताब्यात सरकारी कोठार, साठ पोती. एका घराला महिन्याला एक पोतं लागतं. पाऊस दोन महिने लांब. म्हणजे सगळं वाटलं तरी वीस पोती कमी. शिवाय दहा दिवसांत सरहद्दीवरच्या फौजेला हीच साठ पोती पोचायची आहेत, आणि फौजेतही माणसंच आहेत, उपाशी. बादशहा दुष्ट नाही. देव नाही. निर्णयासाठी फासा नाही.

चोराने पहिला प्रश्न विचारला, जो मी योजलाच नव्हता: “गावात कोणाच्या पेवात धान्य आहे का?” मी क्षणभर विचार करून म्हटलं, सावकाराच्या पेवात आहे, वीस पोती. चोराचे डोळे चमकले. “रात्री काढतो.” वैद्य म्हणाली, “आधी मागून बघ.” चोर म्हणाला, “मी? मागून?” दोघांचं अर्धा तास चाललं. मी तोंडातून शब्द काढला नाही. एका सूत्रधाराला अर्धा तास गप्प बसणं किती कठीण असतं ते मी सांगू शकत नाही.

शेवटी ते सावकाराकडे गेले. तो वीस द्यायला तयार नव्हता. दहा देईन म्हणाला, पण जामीन कोण? चोर म्हणाला, “मी.” टेबलावर सगळे हसले, तो नाही हसला. कोठारातली पन्नास आणि सावकाराची दहा, अशी साठ पोती गावाला. दीड महिना निघेल. उरलेले पंधरा दिवस काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोठारात उरलेली दहा पोती फौजेला, सोबत पत्र. पत्र आळंदच्या मित्राने खरोखरच वहीच्या पानावर लिहिलं: कोठार आम्ही उघडलं, गावाचा दोष नाही. खाली चौघांची नावं.

आता, त्या चोराला तोवर नावच नव्हतं. सहा महिने आम्ही त्याला ‘चोर’च म्हणत होतो. बीदरच्या मित्राने पेन हातात घेतलं, थांबला, आणि एक नाव लिहिलं. काय लिहिलं ते आमच्या टेबलापुरतंच राहू द्या.

आम्ही उठायला लागलो तेव्हा हैदराबादच्या मैत्रिणीने विचारलं, “तो विठू आनेवाला है क्या नहीं?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही. शनिवारी या.”

आणि खरंच मला माहीत नाही. हा लेख मी शुक्रवारी रात्री लिहिते आहे.